उजवे वाचा, पण कोणते?

सांगलीच्या एसटी स्टँडवर ‘तरुण भारत’ मागितला की हातात पडतो तो बेळगावचा. बाबुराव ठाकुरांनी 1919 साली सुरू केलेला, सीमालढ्याशी नाते सांगणारा. संघविचाराचा म्हणून ओळखला जातो तो नागपूरचा. नाव एक, घराणी दोन. तरीही ‘मी उजव्यांचे रोज वाचतो’ म्हणणारे कुणी बेळगावचाच अंक काखेत मारून निघाले, तर नवल नाही.

उजवी बाजू वाचलीच पाहिजे, डाव्या विचाराच्या माणसाने तर आधी. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक, टिळकांशी पटेना म्हणून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोन्ही पत्रे भिडली. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात कायद्याने हात घालू नये, हा ‘केसरी’चा मुद्दा. आमच्या मते चूक आगरकरांची नव्हती. पण ‘केसरी’ न वाचता त्यांना उत्तर देता आले नसते.

‘साप्ताहिक विवेक’ आपला संघविचार लपवत नाही, हा त्याचा गुण. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कात्रणाला ना तारीख, ना संपादक. ते उजवेही नाही आणि डावेही नाही, बेवारस आहे. सातारा-सांगलीच्या वाचनालयांनी वाचकांच्या टेबलावर दोन्ही बाजूंची, संपादकाचे नाव छापणारी पत्रे शेजारी-शेजारी ठेवावीत.