‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

हल्ली आपल्या बेटावर जिकडे पाहावे तिकडे व्यवस्थापनाच्या नव्या विद्येची चर्चा आहे. बँक असो, हॉटेल असो की कापडाचा कारखाना. नवे यंत्र येते, त्यावर व्याख्याने होतात, भिंतीवर पर्यावरणरक्षणाची घोषवाक्ये लागतात आणि दाखला द्यायचा तर बहुधा जपानचा दिला जातो. जपानकडून शिकावे याबद्दल दुमत नाही. परंतु नेमके काय शिकावे, हा प्रश्न आपण नीटसा विचारत नाही.

साकिची तोयोदा हे एका सुताराचे चिरंजीव. १९२४ साली त्यांनी सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींचा उद्योग काढला. १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली आणि कालांतराने मागाचा हा धडा मोटारींच्या कारखान्यातही आला. कामगाराच्या हाताशी एक दोरी ठेवण्यात आली. दोष दिसला की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही तर सारे काम थांबते. आता पुष्कळ ठिकाणी दोरीच्या जागी बटण आले आहे. दोरी काय, बटण काय, चार पैशांची वस्तू. मोल आहे ते साध्या कामगाराला दिलेल्या ‘थांबा’ म्हणण्याच्या अधिकाराचे.

पण त्याच जपानात मिनामाता हे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारामिश्रित सांडपाणी समुद्रात जात होते. मासळी खाणारी माणसे आजारी पडू लागली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ साली ते सांडपाणी अन्नातून एका मांजराला दिले, आणि मांजराला तोच रोग जडला. डॉक्टरांनी दोरी ओढली होती! मात्र कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. रोगाचे मूळ कारखान्यात आहे हे सरकारने मान्य केले ते १९६८ साली. मधल्या नऊ वर्षांत किती घरे उद्ध्वस्त झाली असतील!

तेव्हा शहाणपण देशाच्या नावात नसते. खालच्या माणसाचे वरचा ऐकतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज आपल्या प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढले. ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन तेल आपल्या समुद्रात पसरले. जहाज भाड्याने चालविणाऱ्या मित्सुई ओ. एस. के. लाइन्स या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये कारणे जाहीर केली. किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जाण्याचा बेत होता; दोन दिवस आधी तो ५ मैलांवर आला आणि अपघाताच्या दिवशी २ मैलांवर, कशासाठी, तर मोबाइलचा संपर्क मिळावा म्हणून. हाताशी पुरेसा बारकावा दाखविणारा नकाशा नव्हता, आणि पहाराही नीट नव्हता. महिनोन्महिने घरापासून दूर असलेल्या खलाशांची घरची ओढ आपण समजू शकतो. पण २२, ५, २ या प्रत्येक पायरीवर जहाज परत वळविता आले असते. अद्ययावत उपकरणे होती. चूक माणसांची झाली.

त्यानंतरचे दृश्य कोणाला आठवत नाही? माहेबूरच्या किनाऱ्यावर आपली माणसे रात्रंदिवस उसाचे पाचट कापडात भरून तेल अडविणारे बांध शिवीत होती. कोणाच्या हुकमाची वाट त्यांनी पाहिली नाही.

कोणी म्हणेल, जो तो ‘थांबा’ म्हणू लागला तर काम कसे होणार, शिस्त कशी राहणार? शंका रास्त आहे. म्हणूनच टोयोटाची रीत नीट पाहावी. दोरी ओढताच गटप्रमुखाने येऊन दोष पाहायचा असतो. ओढणाऱ्याला दटावले, तर उद्या कोणीच ती ओढणार नाही. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

आपल्या आजे-पणजांना उसाच्या मळ्यात सिरदारापुढे मान वर करण्याची सोय नव्हती. तो काळ गेला, पण ती सवय आपल्या अंगातून गेली आहे काय? मी स्वतः शिक्षक आहे. एकदा फळ्यावरील माझी चूक एका मुलीने दाखविली, तेव्हा मी तिला ‘गप्प बैस’ म्हणालो. घरी गेल्यावर लक्षात आले, की त्या दिवशी वर्गात सर्वांत मोठा चुकीचा धडा मीच दिला. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर तिचे आभार मानले. सोपे नव्हते ते.

म्हणून कार्यालयांतील वरिष्ठांना, शाळांतील मुख्याध्यापकांना आणि आपल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. नवा संगणक अवश्य घ्या. पण एखादा नवखा कारकून ‘साहेब, हा हिशेब चुकतो आहे’ म्हणाला, किंवा गणेश विसर्जनाच्या वेळी एखादी मुलगी ‘काका, हे थर्माकोल पाण्यात नको’ म्हणाली, तर क्षणभर थांबा आणि तिचे ऐका. तुटलेला धागा मागाला कळत होता. माणसाला कळायला काय हरकत आहे?