सामना दोन रात्रींचा, हप्ता सात वर्षांचा



पुण्याजवळ गहुंजे येथे क्रिकेटचा मोठा सामना ठरला की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. मावळ-मुळशीकडील मंडळी विचारतात, "साहेब, घराशेजारी दोन खोल्या बांधाव्यात का? सामन्याच्या वेळी पुण्यातील हॉटेले भरून जातात म्हणे." आणि हवेली, पुरंदर, खेडकडील भाजीपाला बागायतदार विचारतात, "त्या आठवड्यात माल थोडा राखून ठेवला तर भाव सापडेल का?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येते. पहिल्यासाठी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते, कारण त्यात कर्ज आहे.

हॉटेले भरतात ही गोष्ट खरी. पूर्वी पुण्यातील सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. तेथेच १९९६ च्या विश्वचषकात केनियासारख्या नवख्या संघाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले होते. जुन्या वाचकांना ते आठवत असेल. २०१२ पासून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मोठे मैदान गहुंज्यास, द्रुतगती मार्गाच्या कडेला सुरू झाले. तेथे सुमारे ३७ हजार माणसे बसतात. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने या मैदानावर झाले. संघ, पंच, दूरदर्शनवाले, पत्रकार आणि बाहेरगावचे प्रेक्षक अशी सारी मंडळी मुक्कामाला आली की वाकड, हिंजवडी, तळेगाव, थेट लोणावळ्यापर्यंत खोल्यांचे दर चढतात.

आता भाजीच्या भावाचे पाहू. समजा, ३७ हजारांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे नऊ हजार माणसे खरोखर बाहेरची आहेत आणि मुक्कामाला राहिली आहेत. माणशी दिवसाला ३०० ग्रॅम भाजी धरा. झाली २७०० किलो. एका टेम्पोत बसेल एवढा हा माल. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी भाजीपाल्याचे शंभराच्या आसपास ट्रक उतरतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेतच ४८ लाखांवर लोक होते. त्या समुद्रात हा एक टेम्पो कोठे दिसणार? तेव्हा सामन्यासाठी टोमॅटो झाडावर ठेवू नका, काकडी जून होऊ देऊ नका. २०२३ चा भारत-बांगलादेश सामना १९ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन नवरात्रात झाला. झेंडूची आणि उपवासाच्या फळांची मागणी नवरात्र-दसऱ्यामुळे वाढते, आणि ती दरवर्षी येते. लागवडीची तारीख धरायची तर ती सणावरून धरावी.

दुसरे असे की मोठे हॉटेल सामन्याच्या दिवशी बाजारात पिशवी घेऊन येत नाही. त्याचे पुरवठादार ठरलेले असतात. खोल्या भरल्या की त्याच पुरवठादाराला फोन जातो आणि तो पहाटे यार्डातून जादा माल उचलतो. त्या दिवशी अचानक दारात गेलेल्या शेतकऱ्याची काकडी कितीही चांगली असली तरी पहारेकरी त्याला फाटकावरूनच परत पाठवतो. हॉटेलात माल घालायचा तर तो वर्षभर घालायचा. महाराष्ट्रात जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे, त्यामुळे थेट विक्रीला आडकाठी नाही. अडचण असते ती सातत्याची आणि उधारीची. एकाच मापाची काकडी, देठाकडून सारखी कापलेली कोथिंबीर, डाग नसलेले लिंबू रोज हवे. पैसे मात्र महिना-दीड महिन्याने. एकट्याला हे झेपत नाही. आठ-दहा जणांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर एकाचा प्लॉट संपला की दुसऱ्याचा चालू होतो. मला विचाराल तर हा धंदा करण्याजोगा आहे. पण मग तो सामन्याचा धंदा राहत नाही.

सामन्यासाठी म्हणून कोणी जादा मालाची मागणी नोंदवलीच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गहुंज्यास आजवर तीन कसोटी सामने झाले. कसोटी पाच दिवसांची म्हणतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसऱ्या दिवशी संपली. ऑक्टोबर २०१९ मधील दक्षिण आफ्रिकेविरुद्धची चौथ्या दिवशी आटोपली. ऑक्टोबर २०२४ मधील न्यूझीलंडविरुद्धची पुन्हा तिसऱ्याच दिवशी. सामना संपला की पाहुणे गाठोडे बांधतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसाची मागणी एका फोनने रद्द होते. काढून ठेवलेली पालकाची जुडी काही परत वाफ्यात लावता येत नाही. म्हणून तोडणी रोजच्या रोज करावी आणि विसार घेतल्याखेरीज जादा माल तोडू नये.

आता खोल्यांचा हिशेब. दोन खोल्या, संडास-न्हाणीघरासह, घराला जोडून बांधायच्या आणि त्यासाठी सहा लाख रुपये कर्ज काढायचे असे समजू. व्याज शेकडा ११, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १०,२७० रुपये बसतो. वर्षाला १ लाख २३ हजार झाले. विश्वचषकासारखे वर्ष आहे, पाच सामने आहेत, प्रत्येक सामन्याला दोन्ही खोल्या दोन-दोन रात्री भरल्या आणि दर चढा असल्याने खर्च वजा जाता रात्रीमागे ४,००० रुपये हाती राहिले असे अगदी उदार मनाने धरू. वीस रात्रींचे ८०,००० रुपये. म्हणजे सर्वांत चांगल्या वर्षीदेखील हप्ता फिटत नाही. आणि असे वर्ष येते कधी? पुण्यात १९८७ च्या विश्वचषकाचा एक सामना झाला, १९९६ चा एक झाला, २०११ चा एकही झाला नाही आणि त्यानंतर २०२३ मध्ये पाच झाले. त्या पाचांतही भारताचा एकच, बाकीचे चार परक्या संघांचे. हप्ता दर महिन्याला येतो.

कोणी म्हणेल, आयपीएल दरवर्षी असते. असते, पण पुण्यात असेलच असे नाही. २०१६ साली दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मैदानावर पाणी मारण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. पुढे पुण्यातील १ मेच्या एका सामन्याला तेवढी परवानगी मिळाली. बाकीचे विशाखापट्टणमसारख्या ठिकाणी गेले. माझ्या मते त्या उन्हाळ्यात ते योग्यच झाले. पण ज्याने मे महिन्याच्या भरवशावर गाद्या-पलंग उधारीने घेतले असतील त्याची काय अवस्था झाली असेल, विचार करा. उलट २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन झाले आणि चेन्नईचे सहा सामने अचानक गहुंज्यास आले. चेन्नईहून प्रेक्षकांनी भरलेली खास रेल्वेगाडी पुण्याला आली. दोन्ही वेळा कारण पाण्याचे. एकदा आपल्या पाण्याने सामने घालवले, एकदा दुसऱ्यांच्या पाण्याने आणून दिले. यात खोलीवाल्याच्या हातात काय होते?

मोठे हॉटेल यात तग धरते ते वेगळ्या कारणाने. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांकडे येणारे पाहुणे सोमवार ते शुक्रवार त्याच्या खोल्या भरतात, लग्नसराईत त्याचे दिवाणखाने भरतात. सामना म्हणजे त्याला वरकड कमाई. तीही सारी वरकड नव्हे. नेहमीचा पाहुणा महाग दर पाहून पुढच्या आठवड्यावर जातो. लंडनला २०१२ साली ऑलिंपिक झाले, त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला येणारे परदेशी पाहुणे आदल्या वर्षीपेक्षा कमीच होते. खेळ पाहायला आले ते आले, पण गर्दीच्या धास्तीने इतरांनी पाठ फिरवली.

मग खोल्या बांधूच नयेत का? बांधाव्यात, पण शनिवार-रविवार मोजून. नेहमीच्या दराने रात्रीमागे निव्वळ २,००० रुपये उरत असतील तर दोन्ही खोल्या मिळून वर्षाला ६२ रात्री भरल्या की हप्ता निघतो. खोलीमागे ३१ रात्री. वर्षात शनिवार ५२. मावळात पावसाळ्यात धबधबे, किल्ले, भातलावणी पाहण्यास पुण्या-मुंबईची कुटुंबे येतात, हिवाळ्यातही येतात. आपल्या गावात तशी माणसे येतात का, हे आधी एक वर्षभर एका जुन्या खोलीवर पाहावे. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्यावी. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही लागते.

भगिनींनो, एक आकडा वरच्या हिशेबात राहतो, तो तुमच्या कष्टाचा. चादरी धुणे, पाहुण्यांचा चहा, रात्री अकराला आलेल्यांसाठी पिठले-भाकरी, हे काम घरातील बाईच्या अंगावर पडते आणि वहीत कोठेच लिहिले जात नाही. २०२३ चे सामने १९ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर या काळात झाले. इंद्रायणी भाताच्या कापणी-झोडणीचे हेच दिवस. ११ तारखेचा सामना तर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी होता. खोलीसाठी घरातील दोन माणसे गुंतली आणि कापणीला दोन मजूर जादा लावले, तर ती मजुरी खोलीच्या खर्चात मांडा. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातील बायकांना विचारून ही मांडणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मैदानाच्या आसपास ज्यांची जमीन आहे त्यांना कर्ज न काढता थोडे मिळवता येते. मोटारी लावण्यासाठी वावर देणे हा त्यातला एक मार्ग. पोलिसांची वाहतूक-व्यवस्था आधी विचारून घ्यावी आणि पैसे, दिवस, नुकसानभरपाई कागदावर लिहून घ्यावी. ऑक्टोबरात खाचरात भात उभे असते आणि जमीन ओली असते, तेव्हा हा विचार सोडावा. ओल्या जमिनीवरून मोटारी गेल्या की माती दबते आणि पुढील पिकाच्या मुळ्या खाली उतरत नाहीत. एप्रिल-मे मध्ये खाचर कोरडे असते, तेव्हा चालेल. फक्त गाड्या आत घेण्यासाठी बांध फोडावा लागतो. तो रोहिणी नक्षत्रावर भाताची रोपे टाकण्याच्या आत पुन्हा घालून, चोपून घ्यावा, नाहीतर पहिल्याच पावसात खाचराचे पाणी खालच्या वावरात जाईल.