नाइटमेअर : रात्रीची घोडी नव्हे!

परीक्षा म्हणजे नाइटमेअर, लोकलची गर्दी म्हणजे नाइटमेअर! आपल्या घरांतील मुले हा इंग्रजी शब्द आता येता-जाता वापरतात. नाइट म्हणजे रात्र आणि मेअर म्हणजे घोडी. मग वाईट स्वप्नाशी घोडीचा संबंध काय? काहीच नाही. हा 'मेअर' वेगळा आहे.

झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणाऱ्या दुष्ट शक्तीला जुन्या इंग्रजीत या नावाने ओळखत. सुमारे १३०० सालापासून 'नाइटमेअर' हा जोडशब्द आढळतो, तोही त्या शक्तीचे नाव म्हणून. 'भयंकर स्वप्न' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. चित्रकार हेन्री फ्यूसेली यांच्या १७८१ च्या याच नावाच्या चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर एक विद्रूप प्राणी बसला आहे आणि पडद्याआडून घोड्याचे डोके डोकावते आहे.

अरबीत आणि उर्दूत यासाठी 'काबूस' हा शब्द आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ दाबणे. फ्रेंच 'कोशमार' या शब्दाच्या पूर्वार्धातही दाबणेच आहे. भाषा वेगळ्या, अनुभव एकच. आपल्याकडेही 'रात्री कुणीतरी छातीवर बसले' असे म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी हकीम इब्न सीना यांनी मात्र आपल्या 'अल्-कानून'मध्ये काबूसची चर्चा डोक्याच्या विकारांबरोबर केली.

आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि स्नायूंची हालचाल मागाहून. तेवढा वेळ माणसाला हलता-बोलता येत नाही, छातीवर दाब जाणवतो, खोलीत कुणी असल्याचा भासही होतो. काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप थांबते. अपुरी झोप, जागरण, मनावरचा ताण आणि उताणे झोपणे यांमुळे असे होण्याचा संभव वाढतो. वाईट स्वप्न पडल्यास कूस बदलावी, ही हदीसमधील शिकवण आपल्याला ठाऊक आहेच.

म्हणून घरातील मुलगा किंवा मुलगी 'नाइटमेअर आले' म्हणाली, तर हसू नये आणि 'सावली पडली' म्हणून आणखी घाबरवूही नये. आधी विचारावे : वाईट स्वप्न पडले, की जाग येऊनही हलता येईना? रात्री किती वाजता झोपतोस? कसली काळजी आहे का? वारंवार असे होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.