'चाला' म्हणता, पण कुणाला?

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आरोग्य शिबिर होतं. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक बाया बसल्या होत्या. रक्तदाब तपासून झाला, साखर तपासून झाली. मग डॉक्टरांनी माहिती सांगितली : "रोज अर्धा तास चालत जा. जमलं तर सायकल चालवा. रक्तदाब, मधुमेह आटोक्यात राहतो." मागच्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणाली, "म्या काय मोटारीत हिंडते का माय?" पदर तोंडाला लावून सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही. कारण डॉक्टर खोटं सांगत नव्हते, आणि मावशीही खोटं बोलत नव्हत्या.

मावशींचा दिवस पाहा. पहाटे पाणी, मग भाकरी थापून आखाड्याची वाट. हंगामाप्रमाणे निंदणी, सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी. वसमतकडे हळदीचं काम. परतताना डोक्यावर सरपण नाहीतर वैरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या सूचना सांगतात की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्यात कामावरचे, घरकामाचे, येण्याजाण्याचे श्रमही धरले आहेत. मावशींची 150 मिनिटं सोमवारीच भरतात! त्यांना कमी पडते ती विश्रांती, पोटभर अन्न आणि डोक्यावर ओझं नसलेली वाट.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईला चढावर धाप लागते, डोळ्यापुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, आळशी झाली. शिबिरात सांगायला हवं होतं ते हे : धाप लागणं म्हणजे आळस नव्हे, हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. अंग बाहेर येत असेल तर जड ओझं उचलणं थांबवा, लाजू नका, दवाखान्यात दाखवा. आणि हे बायांना सांगून भागणार नाही, ओझं कुणी उचलायचं ते घरातल्या पुरुषांनाही सांगायला हवं.

पण मग 'चाला' हा सल्ला अगदीच फुकट का? तसंही नाही. त्याच गावात मोठ्या घरची सून वर्षभर उंबरठ्याबाहेर पडत नाही. शेतात मजूर राबतात, नळ दारात आहे, बाहेर जायचं तर नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. तिशीतच तिचं वजन आणि रक्तदाब वाढतो. तिला चालायची खरोखर गरज आहे. पण ती एकटी संध्याकाळी रस्त्याने निघाली तर गाव विचारतं, "कुठं चाललीस?" 'चालायला' हे उत्तर अजून आपल्या गावांत चालत नाही. एकीला चालणं सुटत नाही, दुसरीला चालू दिलं जात नाही. वर्ग आणि जात न पाहता दोघींना एकच पत्रक वाटणं, याला आरोग्यशिक्षण कसं म्हणायचं?

सायकल कुणाची?

आता सायकलीचं पाहू. मानव विकास कार्यक्रम 2006 साली राज्यातल्या 12 मागास जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात हिंगोली होता. 2011 नंतर त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, लांब असेल तर बस. योजना चांगली आहे. बिहारमध्ये 2006 सालापासून अशीच योजना आहे. तिथल्या अभ्यासात योग्य वयात माध्यमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

पण बारावी झाली, लग्न ठरलं की ती सायकल कुठे जाते? भाऊ वापरतो, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजते. सासरी सायकलवर बसलेली सून मी तरी फारशी पाहिलेली नाही. म्हणजे सायकल मुलीची नव्हती, शाळेच्या रस्त्याची होती.

शिवाय तिच्याभोवती भीतीचं कुंपण आहे. पाळीत सायकल चालवू नये, पिशवी सरकते, 'पडदा' फाटतो. यातलं काहीही खरं नाही. पाळीत झेपेल तेवढी सायकल चालवायला हरकत नाही, आणि त्या पडद्यावरून बाईचा पूर्वेतिहास कुणालाच सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' अशास्त्रीय ठरवून पुन्हा बजावलं की ती घेता कामा नये. अशी भीती घालण्याची रीत फक्त आपलीच नाही. 1890 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या बाया सायकलवर बसू लागल्या, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी 'सायकल-चेहरा' नावाचा रोगच शोधून काढला होता! बाई आपल्या मर्जीने हिंडू लागली की तिच्या प्रकृतीची काळजी अनेकांना वाटू लागते.

1991 नंतर तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता अभियानाने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिलं. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या ताया, नर्सबाई अशा एक लाखाहून जास्त जणी शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून अनेकींना त्याच आवडल्या.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, सायकल आली की बाईवर आणखी चार कामं पडतील. पाणी तिनेच आणायचं, दळणही तिनेच. ही शंका खरी आहे. पुदुक्कोट्टैतही बाया सायकलवरून पाणी वाहत होत्या. सायकलीने कामाची वाटणी बदलत नाही, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल. पण वाचलेला अर्धा तास आणि कुणाची वाट न पाहता उपकेंद्र गाठता येणं, हेही थोडकं नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आनंदच आहे. पण ज्या वाडीत एसटी येत नाही तिथल्या बाईला त्या अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग?

आपण काय करायचं?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पुढच्या मागण्या लिहून घेऊ या.

- गाव ते उपकेंद्र आणि गाव ते शाळा हे रस्ते आधी दुरुस्त करा, त्यावर दिवे लावा. काळ्या मातीच्या चिखलात पावसाळ्यात ना पाय निघतो, ना चाक फिरतं. शेत-पाणंद रस्त्यांसाठी 2021 सालची मातोश्री योजना आहे. त्यातले कोणते रस्ते घ्यायचे ते ठरवताना बायांना विचारा.
- आशाताई आणि अंगणवाडीताईंना सायकल द्या. वाड्या-तांड्यांवर पायी हिंडून त्यांच्याच पायांचे हाल होतात.
- प्रौढ बायांसाठी शाळेच्या मैदानावर सायकल शिकण्याचे वर्ग घ्या, शिकवायला गावातल्याच मुली.
- आरोग्य शिबिरात भाषणाआधी बायांना विचारा : तुम्ही रोज किती चालता, काय उचलता, कधी बसता?

शेवटची मागणी पैशाशिवाय होण्यासारखी आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जे काम उभं केलं, त्यात गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायाच आरोग्यसेविका झाल्या. त्यांना गाव माहीत होतं, म्हणून त्यांचं सांगणं गावाने ऐकलं.

पुढच्या शिबिरात मागच्या रांगेतून एखादी मावशी बोलली, तर हसून पुढे जाऊ नका. तिला पुढे बोलवा आणि भाषण तिथूनच सुरू करा.