संगणकावरची चादर काढा



मी याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत गावी आलो की शाळेत चक्कर होतेच. या खेपेला गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकाला काहीतरी लिहून दे." म्हणून हा लेख. थोडे स्पष्ट लिहिणार आहे, गुरुजींनी राग मानू नये.

ऑफिसच्या कोपऱ्यात शाळेचा संगणक आहे. त्याच्यावर फुलाफुलांची चादर आहे. ती उचलून तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले? मी विचारले तर उत्तर मिळाले, "मशीन एक आणि पोरं ऐंशी. कुणाकुणाला द्यायचं?" हे कारण मला अजिबात पटत नाही.

कॉलेजात मी प्रोग्रामिंगच्या स्पर्धांचा सराव करतो. प्रोग्राम म्हणजे संगणकाला क्रमाने लिहून दिलेल्या सूचना. स्पर्धेत एक कोडे देतात, ते सोडवणारा प्रोग्राम आपण लिहायचा. मग मशीनच तो लपवून ठेवलेल्या आकड्यांवर तपासते. ठरलेल्या वेळात, बहुधा एक-दोन सेकंदांत, उत्तर आले पाहिजे आणि बरोबर आले पाहिजे. कॉलेजच्या मुलांची आयसीपीसी नावाची जगभराची स्पर्धा आहे. तिच्यात तिघांचा एक संघ, वेळ पाच तास आणि संगणक किती? एकच! एक जण टाइप करतो तेव्हा दोघे कागदावर डोकं खाजवत बसतात. शाळकरी मुलांचे ऑलिंपियाड 1989 साली बल्गेरियात सुरू झाले. त्यासाठी आपल्या देशात मुले निवडताना पहिली एक परीक्षा कित्येक वर्षे कागद-पेनानेच घेतली जाई, प्रोग्राम लिहावाच लागत नसे. मग आपलेच काय अडले?

हा खेळ करून पाहा. मित्राला 1 ते 100 मधला एक आकडा मनात धरायला सांगा. तुम्ही एक आकडा सांगायचा, त्याने फक्त "मोठा", "लहान" किंवा "बरोबर" म्हणायचे. एकापासून ओळीने विचारत गेलात तर संध्याकाळ होईल. दर वेळी उरलेल्यांच्या मधला आकडा विचारा. सातव्या प्रश्नापर्यंत आकडा सापडलाच पाहिजे. 1000 पर्यंत असेल तर दहा प्रश्न, दहा लाखांपर्यंत असेल तर वीस. यात वीज लागली नाही की संगणक लागला नाही, पण स्पर्धेतला एक मोठा धडा तुम्ही शिकलात.

पण नुसती कोडी सोडवून भागत नाही, हे मला आपल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कळले. पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम आणि सहावीपासून पुढे 150 ग्रॅम तांदूळ धरतात. म्हटले, हजेरी घातली की तांदूळ किती काढायचा ते सांगणारा छोटा प्रोग्राम करू. तासाभरात केला. 60 आणि 20 मुले घालून पाहिले, नऊ किलो आले. बरोबर! मोठ्या ऐटीत फोनवर घेऊन मावशींकडे गेलो. त्या दिवशी धाकटी 63 आणि थोरली 17 होती. प्रोग्राम म्हणाला, आठ किलो.

मावशींनी मापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "आठात न्हाई भागायचं रे बाळा. पावणेनवाच्या वर लागतो."

कागदावर मांडले. 6300 ग्रॅम आणि 2550 ग्रॅम, मिळून 8 किलो 850 ग्रॅम. चूक अशी झाली की मी ज्या भाषेत लिहितो तिच्यात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की खालची शिल्लक गळून जाते. 6300 चे 6 झाले, 2550 चे 2. हा नियम मला पाठ होता, तरी फसलो, कारण तपासायला मी सोपे आकडे घेतले होते. आठ लहान मुलांचा तांदूळ माझ्या प्रोग्रामने खाल्ला असता.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की दोन्ही हवे. स्पर्धेत परीक्षक मुद्दाम वाकडे आकडे घालतो, त्याने आपला आळस मोडतो. पण कोडे कुणासाठी सोडवायचे, हे तिथे कळत नाही. स्वयंपाकघरात कळते. आमच्याकडे काही मुले नंबरामागे इतकी धावतात की दुसऱ्याची उत्तरे उतरवून काढतात. त्यांचे मला नवल वाटते. तुम्ही प्राथमिक शाळेतली मुले नंबराच्या फंदात पडू नका, आणि पुढे पगार किती मिळतो हे तर मला विचारूच नका.

आता गुरुजींना विनंती. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर दोन तास ऑफिस उघडे ठेवावे. मी सुटी संपेपर्यंत येईन. तिघातिघांचे गट करू. एका गटाने संगणकावर बसायचे, बाकीच्यांनी व्हरांड्यात कागदावर कोडी सोडवायची, अर्ध्या तासाने अदलाबदल. मी गेल्यावर सातवीच्या मुलांनी चालवावे, किल्ली मात्र गुरुजींकडेच राहू दे. पहिले काम तांदळाचा प्रोग्राम दुरुस्त करण्याचे. तो मी अजून तसाच ठेवला आहे, चूक तुम्ही शोधायची.

येताना पेन्सिल आणि पाठकोरे कागद आणा. मावशींनाही बोलावले आहे, आकडे त्याच घालणार आहेत.

— एक माजी विद्यार्थी