अक्षरं पुसट का दिसली?

दोस्तांनो, आज चौकडीची वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. मध्येच लागणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते.

आमच्या वर्गात एक जुना, छोटासा लॅपटॉप आहे. पडदा १० इंची, जेमतेम पाटीएवढा. त्यावर लिनक्स चालतं. हे लिनक्स १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं. पण अख्खा वर्ग आणि एवढासा पडदा! मागच्या बाकांवरच्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. म्हणून एका कचेरीतून निघालेला १७ इंची मॉनिटर आम्ही मिळवला. खोक्यात पडलेली एक जुनी केबल मी जोडली आणि सेटिंगमध्ये ‘मिरर’ निवडलं. मिरर म्हणजे आरसा. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र.

चित्र आलं, टाळ्याही वाजल्या. पण अक्षरं कशी? पावसात भिजलेल्या वहीतल्यासारखी. पसरट आणि पुसट!

सकाळी तो मॉनिटर एका मुलानं पुसला होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "जोरात दाबलास ना? बिघडवलास बघ!"

"नाही बाई, हळूच पुसला मी," तो म्हणाला आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसला.

मधल्या सुट्टीत तोच मुलगा माझ्याकडे आला. त्यानं मॉनिटरची बटणं दाबून पाहिली होती. "बाई, यात ८०० × ६०० असं दाखवतंय. आणि खाली १२८० × १०२४ वापरा असं लिहिलंय. म्हणजे काय?"

काय बरं असेल? तर ऐका. पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, हा आकडा म्हणजे रेझोल्यूशन. सपाट पडद्यावर हे ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. आमच्या लॅपटॉपवर १०२४ × ६००, म्हणजे ६,१४,४०० ठिपके. मॉनिटरवर १२८० × १०२४, म्हणजे १३,१०,७२०. दुपटीहून जास्त! दोघांवर सारखंच चित्र हवं म्हटल्यावर संगणकानं दोघांनाही झेपेल असा लहान आकार शोधला : ८०० × ६००. फक्त ४,८०,००० ठिपके.

आता वही उघडा. एका ओळीत ५ चौकटी घ्या आणि एक काळी, एक पांढरी अशा रंगवा. आता हीच नक्षी खालच्या ओळीत ८ चौकटींत बसवा. (८०० चे १२८० करणं म्हणजे नेमकं ५ चे ८ करणं!) जमतंय? एकेका चौकटीच्या वाट्याला दीड चौकटीहून थोडी जास्त जागा येते. काही चौकटी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या होतात. मॉनिटरच्या ठिपक्याला मात्र अर्धा रंग घेता येत नाही. मग तो करडा होतो. अक्षरांच्या कडेला असे करडे ठिपके जमले, की अक्षर पुसट झालंच म्हणून समजा.

आम्ही मिरर बंद केलं आणि ‘फक्त बाहेरचा मॉनिटर’ निवडलं. पण यादीत सगळ्यात मोठा आकडा १०२४ × ७६८! आमचा १२८० × १०२४ गेला कुठे?

इथे खरी गंमत आहे. मॉनिटर जोडला की तो केबलमधून आपलं ओळखपत्र पाठवतो : मी अमुक कंपनीचा, माझे ठिपके इतके. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. त्याची पद्धत १९९४ मध्ये ठरली. आमची निळ्या तोंडाची व्हीजीए केबल १५ पिनांच्या जागेची. त्यातल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या बोलण्यासाठी असतात, तर रंग दुसऱ्या पिनांतून जातात. त्यामुळे बोलण्याची पिन बिघडली तरी चित्र येतंच. फक्त समोर कोण आहे हे संगणकाला कळत नाही, मग तो आपला बेतानं लहान आकडे देतो.

"बाई, वायर बदलून बघू या का?" तोच मुलगा म्हणाला. दुसरी केबल लावली आणि यादीत १२८० × १०२४ हजर! निवडल्याबरोबर अक्षरं कशी कोरल्यासारखी.

तुम्हाला करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. मॉनिटरचा स्वतःचा आकडा आधी शोधा, तो त्याच्या मेनूत किंवा पुस्तिकेत सापडतो. मग लिनक्सच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ उघडून तोच निवडा. पडदा काळा झाला तर घाबरून बटणं दाबू नका. बहुतेक वेळा ‘हे ठेवू का?’ असं विचारलेलं असतं. उत्तर दिलं नाही तर काही सेकंदांत जुनं चित्र परत येतं. आकडा यादीत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. तरीही नाही आला तर एक्सरँडर नावाच्या प्रोग्रॅमनं तो हातानं सांगता येतो. पण ते मोठ्या जाणकार माणसाला बरोबर घेऊनच करा.

राहिली माझी चूक. मिरर मी निवडलं होतं, खोक्यातली केबलही मीच काढली होती. आणि बोलणी कोणी खाल्ली? सुट्टीनंतर सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणाले, "माझं चुकलं बाळा. न तपासताच तुला बोलले." रागावले होते सगळ्यांसमोर, तर चूकही सगळ्यांसमोरच कबूल करायला हवी ना?

तो नुसता हसला. आणि फडकं घेऊन पुन्हा मॉनिटर पुसायला लागला. हळूच!