दही लागलं नाही, दोष कुणाचा?

मैत्रिणींनो, मी शाळेत शिकवते मराठी, तीही अर्धवेळ. पण हल्ली शेजारणी आणि मुलांच्या आया मला व्याकरणापेक्षा दह्याबद्दलच जास्त विचारतात! त्यातले नेहमीचे प्रश्न आज घेऊ या.

दही नीट लागत नाही. काय करावं?

आधी आपली बाजू तपासा. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट हवं. कढत दुधात विरजण मरतं, गार दुधात ते झोपून राहतं. अर्ध्या लिटरला चमचाभर ताजं, गोडसर दही पुरे. ते नीट घोळवा आणि मग भांडं हलवू नका. आपल्या सावंतवाडीच्या पावसात हवा गारठते, तेव्हा भांडं जाड फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. मे महिन्यात मात्र लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका, नाही तर आंबट ढाण होईल.

कवडी का पडत नाही?

पिशवी वाचा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड दूध घ्यायचं आणि खरवडून काढावं असं दही मागायचं, हे कसं जमणार? तेच दूध घ्यायचं असेल तर मंद आचेवर थोडं आटवून विरजा.

सगळं सांभाळूनही दही लागत नाही. मग?

एकाच दुधवाल्याच्या दुधाचं दही ओळीने दोन-तीन दिवस फसलं, तर त्याला विचारा, "भाऊ, गोठ्यात औषध चालू आहे काय?" सडाला सूज आली की जनावराला प्रतिजैविकं देतात. ती दुधात उतरतात आणि विरजणातले जंतू वाढू देत नाहीत. उकळून ती पूर्ण जात नाहीत. म्हणून औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या जनावराचं दूध विकू नये, असा नियम आहे.

भेसळीची भीती वाटते.

वाटणारच. पण आकडे ऐका. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे खायला धोक्याचे निघाले १२. प्रतिजैविकं मर्यादेबाहेर होती ७७ नमुन्यांत, आणि बुरशीचं विष, अ‍ॅफ्लाटॉक्सिन, तब्बल ३६८ नमुन्यांत! पिशवीचं दूधही त्यातून सुटलं नव्हतं. हे विष येतं बुरसटलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून, आणि उकळून ते जात नाही. आपल्या दमट हवेत चार दिवसांत पापडाला बुरा येतो, तिथे पेंडीच्या पोत्याचं काय होत असेल? म्हणून दुधात पाणी किती, एवढंच विचारू नका. पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवता ना, हेही विचारा.

मग गावठी दूध बरं की घाटावरून येणारं पिशवीचं?

गाव-घाट असा भेद नको, गोठा पाहा. सुटं दूध चांगलं उकळून घ्या. पिशवीच्या दुधाची आणि विकतच्या दह्याची तारीख व परवाना क्रमांक पाहा.

आता थोडं आपल्याबद्दल. औषध चालू असलेल्या गाईचं दूध ओतून द्यायचं, तर दुधवाल्याची त्या दिवसांची कमाई बुडते. एक गाय, दोन म्हशी असलेल्या घराला हा फटका मोठा असतो. आणि लिटरमागे रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या, दोन खाडे झाले की रतीब तोडणाऱ्या आपणच! मग तो खरं कशाला सांगेल? त्याला एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "औषध असेल तेव्हा खुशाल खाडा करा, रतीब तुटणार नाही." स्वच्छ गोठ्याच्या दुधाला रुपया जास्त पडला, तर तोही कुरकुर न करता द्या. आजारपणात डॉक्टरला देतोच की त्याहून कितीतरी जास्त!